इंदूरच्या मराठी मंडळांना आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या न्यासांना खुलं पत्र: नर्सिंगच्या पीएचडीलाही तुमच्या फॉर्मात जागा द्या

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सगळे काका-काकू, दादा-ताई,

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरचीच, राजेंद्र नगरात राहते. आधी बरीच वर्षं लेबर रूमला स्टाफ नर्स होते, आता एका नर्सिंग कॉलेजात ओबीजी शिकवते, म्हणजे बाळंतपण आणि स्त्रीरोगाचं नर्सिंग. हे पत्र कुठल्या एका मंडळाला नाहीये. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, जिथे जिथे आपली माणसं गणपती बसवतात, कोजागिरी करतात आणि रिझल्ट लागले की गुणवंत मुलांना शिष्यवृत्ती देतात, त्या सगळ्यांना आहे. मागणी एकच आहे. नर्सिंग आणि मिडवायफरीत (म्हणजे गरोदर बाईची काळजी घेऊन बाळंतपण करण्याच्या शास्त्रात) पीएचडी करू पाहणाऱ्या आपल्या मुलींना, आणि मुलांनाही कारण आता मुलंही बरीच येतात या लाइनला, तुमच्या मदतीत घ्या. आज त्या तुमच्या फॉर्ममध्ये बसतच नाहीत. मुद्दाम कोणी वगळलंय असं मला अजिबात वाटत नाही, फॉर्म बनवताना हे असं काही शिक्षण असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नसणार.

कारण आपल्याकडे अजून पुष्कळ लोकांना वाटतं की नर्सने इंजेक्शन द्यावं, सलाईन लावावी, बीपी घ्यावं, तिला संशोधन कशाला हवंय. एका कार्यक्रमात एका काकांनी मला अगदी प्रेमाने विचारलं होतं, बेटा, डॉक्टर लोक आहेत ना रिसर्चला? त्यांना तेव्हा गर्दीत नीट सांगता आलं नाही म्हणून आता इथे सविस्तर सांगते.

बाळंतपण झालं की बाईचं रक्त किती गेलं हे केस शीटवर लिहावं लागतं. ५०० एमएलच्या वर गेलं की त्याला पीपीएच म्हणतात, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, आणि आपल्या देशात बाळंतपणात माता मरण्याचं हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. आता नाइट ड्यूटीला काय होतं बघा. बाळंतपणाची तीन टेबलं एकदम चालू, एक सिस्टर, एक मदतनीस आयाबाई, बाहेर नातेवाईक दार वाजवतायत, आणि सिस्टर पॅडकडे बघते, खालच्या ट्रेमधल्या गॉजच्या ढिगाकडे बघते आणि अंदाजाने लिहून टाकते २०० किंवा २५०. तिची चूक नाहीये, तिला शिकवलंच तसं गेलंय. पण डोळ्यांनी केलेला अंदाज कमी भरतो, आणि रक्त जितकं जास्त गेलेलं तितका जास्त चुकतो, हे जगभरात परत परत दिसून आलंय. मी एकदा डिजिटल वजनकाटा घेऊन गेले, किराणा दुकानात असतो तसलाच, त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी अंथरली आणि एकेक भिजलेलं पॅड त्याच्यावर ठेवत गेले. कोरड्या पॅडचं वजन आधी करून ठेवलेलं, ते वजा करायचं, उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक एमएल रक्त, इतकं सोपं गणित आहे. अलीराजपूरकडची एक बाई होती, हिमोग्लोबिन आधीच ७, म्हणजे फार कमी, डोळ्यांना २५० वाटलेलं रक्त काट्यावर ६०० च्या पुढे गेलं. ती घाबरलेलीही नव्हती, नुसती गप्प पडून होती, नाडी मात्र पळत होती. लगेच डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं औषध, वाढवलं, रक्ताची सोय केली, ती वाचली.

मग प्रश्न पडतात की नाही? काटा ठेवला तर सिस्टर्स खरंच वापरतील का, कुठे ठेवला तर वापरतील, कोणत्या शिफ्टला मोजायचं राहून जातं, एका सिस्टरकडे किती टेबलं झाली की मोजणं सुटतं, आयाबाईला शिकवलं तर ती मोजू शकेल का. हे प्रश्न राउंडला येणाऱ्या डॉक्टरला पडत नाहीत कारण तो तिथे त्या वेळी नसतो. हे टेबलापाशी रात्रभर उभ्या असणाऱ्या बाईला पडतात, आणि तिच्याकडे ते नीट मांडून त्याचा अभ्यास करायची पद्धत नसते, डिग्री नसते, म्हणून ते चहाच्या वेळी बोलून तिथेच संपतात.

आणि असे प्रश्न अभ्यासले की काय होतं तेही सांगते. बेळगावकडे खेड्यापाड्यांतून एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १६२० बायका होत्या, गावात बाळंतपणं करणाऱ्या एएनएम सिस्टर्स होत्या, आणि बाळ बाहेर आल्याबरोबर तोंडाने घ्यायची मिसोप्रोस्टॉलची, म्हणजे गर्भाशय आवळणारी, गोळी द्यायची एवढंच होतं. पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. त्या अभ्यासात रक्त मोजायला खुणा केलेली प्लास्टिकची शीट बाईच्या खाली लावायचे. तशीच शीट पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या फार मोठ्या अभ्यासात वापरली, दोन लाखांहून जास्त बाळंतपणं, रक्त मोजायचं आणि जास्त दिसलं की सगळे उपचार एकामागून एक नाही तर एकदमच सुरू करायचे. २०२३ मध्ये निकाल आला, गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ येणं आणि त्यातून होणारे मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी. प्लास्टिकची एक शीट आणि वेळेवर मोजणं. मला हे वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती.

दुसरं उदाहरण नर्सिंगचंच. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात लिंडा एकन म्हणून प्रोफेसर आहेत, स्वतः नर्स. त्यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० हॉस्पिटल्सचा हिशोब मांडला आणि दाखवून दिलं की एका नर्सवर एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या महिन्याभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आम्ही सगळ्या वर्षानुवर्षं ओरडून सांगतो की स्टाफ कमी आहे, त्याला तक्रार समजतात. तेच एका नर्सने आकड्यात मांडलं तेव्हा सरकारांना ऐकावं लागलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात जेन सँडल मिडवाइफ आहेत आणि प्रोफेसर आहेत, पूर्ण गरोदरपणभर आणि बाळंतपणात बाईची काळजी त्याच ओळखीच्या मिडवाइफने घेतली तर सिझेरियन कमी होतात, बायका जास्त समाधानी असतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी जगभरातले अभ्यास गोळा करून दाखवलं. अशी नावं आपल्या इंदूरहून का येऊ नयेत?

आणि गरज कुठे जास्त आहे तेही बघा. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, केरळात १९, महाराष्ट्रात ३३, आणि आपल्या मध्य प्रदेशात १७३. त्यानंतर आकडा खाली आलाय, चांगलंच आहे, पण आपण अजून मागच्याच रांगेत आहोत. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, या सगळ्या भागातून बायका इंदूरला रेफर होऊन येतात. म्हणजे अभ्यास करायला जे हवं ते सगळं आपल्या दारात येतंय, अभ्यास करणारी माणसं तेवढी नाहीत.

आता शिक्षणाबद्दल. बारावीनंतर बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, मग किमान एक वर्ष नोकरीचा अनुभव, मग एमएस्सी दोन वर्षं, मग पीएचडी. जी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून आलेली असते तिला आधी पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं अजून. आपल्या देशात दिल्लीला आणि वेल्लोरला १९४६ मध्ये बीएस्सी सुरू झालं, दिल्लीत १९५९ ला एमएस्सी, आणि पीएचडीपर्यंत यायला ९० चं दशक उजाडलं, म्हणजे हा विषय पीएचडीच्या दुनियेत वयाने लहान आहे आणि त्यामुळे गाईड कमी आहेत. गाईड कमी म्हणून सीट कमी, सीट कमी म्हणून पीएचडी झालेले कमी, म्हणून परत गाईड कमी. आधी एमफिल करून संशोधनावर हात बसवता यायचा, तेही आता बंद झालंय. मिडवायफरीचं तर अजूनच नवीन, २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवायफरीचं धोरण आणलं, नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचा १८ महिन्यांचा कोर्स आला, पण त्या मुलींना शिकवणाऱ्यांनी, त्यांच्या कामाचा खरंच फायदा होतो का हे तपासणाऱ्यांनी, कुठून यायचं?

एक गोष्ट आमच्याच लोकांबद्दलही बोलायला हवी. आमच्याकडे एमएस्सीचे बरेचसे प्रबंध एकाच साच्याचे असतात, अमुक गावातल्या अमुक बायकांना तमुक विषयाची किती माहिती आहे ते विचारा, मग स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम द्या, आठवड्याने परत तेच प्रश्न विचारा, मार्क वाढतात, झाला प्रबंध. मार्क वाढणारच ना, आत्ताच तर शिकवलं. त्याने वॉर्डात काय बदललं हे कोणी विचारत नाही. पण मुली असं का करतात, कारण हे महिन्या-दीड महिन्यात उरकतं, पैसे लागत नाहीत, हॉस्पिटलकडे काही मागावं लागत नाही. खरा अभ्यास करायचा तर वर्षभर रात्री-बेरात्री डेटा गोळा करावा लागतो, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीसमोर उभं राहावं लागतं, एखादा उपचार तपासून बघायचा असेल तर अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, ट्रायल रजिस्ट्रीत, नोंद करावी लागते, भिली आणि निमाडी बोलणाऱ्या बायकांना संमतीपत्रक त्यांच्या बोलीत समजावून सांगणारं माणूस लागतं, स्टॅटिस्टिशियन लागतो. ह्या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो. हुशारी कमी नाहीये, ती मी रोज वर्गात बघते.

म्हणून आता तुमच्या फॉर्मवर येते. मी ओळखीच्या मुलींसाठी बऱ्याच ठिकाणचे फॉर्म वाचलेत आणि तीन-चार गोष्टी सगळीकडे आडव्या येतात.

पहिली वयाची अट. कुठे २५, कुठे २८, कुठे ३०. वर सांगितलं तसा हिशोब केला तर सरळ रस्त्याने आलेली मुलगीसुद्धा एमएस्सी संपेपर्यंत २५-२६ ची होते, जीएनएमवाली तिशीला टेकते, मधे लग्न, मूल, घरातल्या म्हाताऱ्यांचं आजारपण, आणि नोकरी तर चालूच. त्यात आपल्या एमपीत नर्सिंग कॉलेजांचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल, हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआयची तपासणी, परीक्षा रखडल्या, ज्या मुलींचा काहीही दोष नव्हता त्यांचीसुद्धा वर्षं गेली. ती वर्षं पण तुमच्या फॉर्ममध्ये तिच्याच वयात मोजली जातात. नर्सिंगच्या पीएचडीला वयाची अट ठेवूच नका अशी माझी विनंती आहे, निदान ४५ तरी करा.

दुसरी अट, विद्यार्थी नियमित असावा, नोकरी करणारा नसावा. अहो, नोकरी सोडली तर घर कसं चालणार, आणि नोकरी सोडली तर वॉर्ड सुटला, वॉर्ड सुटला तर अभ्यास कसला करणार? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमांत पार्ट-टाइम पीएचडीला स्पष्ट परवानगी दिलीय, फक्त जिथे नोकरी आहे तिथून एनओसी लागते. किमान तीन वर्षं, कमाल सहा, मुदतवाढ वेगळी, बायकांना त्यात आणखी दोन वर्षांची सवलत, शिवाय बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. म्हणजे सरकारने मानलंय की पीएचडी करणारी बाई नोकरी करते आणि तिला मुलंबाळं असतात. आपल्या मंडळांनी पण मानावं.

तिसरी, उत्पन्नाचा दाखला नवऱ्याचा मागतात. नवऱ्याचा पगार ठीकठाक आहे म्हणून तो बायकोच्या पीएचडीवर खर्च करेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? करणारे आहेत, नाही असं नाही, पण बहुतेक घरांत पैशांची पहिली वाट मुलांच्या कोचिंगकडे जाते, आणि ती बाई स्वतःच म्हणते की राहू दे, माझं नंतर बघू. तिचं स्वतःचं उत्पन्न बघा. प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्सला काय हातात पडतं ते तुमच्यापैकी नर्सिंग होम चालवणाऱ्यांना चांगलंच माहिती आहे.

आणि पैसे फीलाच द्यायचे असा नियम नको. इतर विषयांच्या मुलांना नेटची परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळते, दर महिन्याला पैसे येतात, नेटच्या यादीत नर्सिंग विषयच नाही, त्यामुळे तो दरवाजाही आमच्या मुलींना बंद आहे. फी तर एकवेळ कर्ज काढून भरतात. खर्च दुसरीकडेच होतो, झाबुआ-अलीराजपूरला बसने जाणं-येणं, दुभाषी बाईचा रोज, प्रिंटिंग, सॉफ्टवेअर, कॉन्फरन्सची फी, आणि मुलाला पाळणाघरात ठेवायचा खर्च. हो, पाळणाघराचा पण, तोही पीएचडीचाच खर्च आहे, कोणी बिलात लावत नाही इतकंच.

पैशाशिवाय तुमच्याकडे अजून एक मोठी गोष्ट आहे, माणसं. आपल्या समाजात होळकर सायन्स कॉलेजातून, युनिव्हर्सिटीतून, बँकांतून रिटायर झालेली, आकड्यांत आयुष्य गेलेली किती मंडळी आहेत. आमच्या मुलींना सगळ्यात जास्त भीती स्टॅटिस्टिक्सची वाटते. सॅम्पल किती घ्यायचं, कोणती टेस्ट लावायची, हे विचारायला माणूस नसतो म्हणून बाहेर पैसे देऊन कोणाकडून तरी ॲनालिसिस करून घेतात आणि मग व्हायव्हाला प्रश्न आला की गप्प. महिन्यातल्या एका रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये दोन तास, एक फळा, एक निवृत्त सर आणि आमच्या मुली, एवढंच सुरू करा. मराठीतून शिकवलं तर अर्धी भीती तिथेच जाईल, कारण इंग्रजी पुस्तकात जे दहा वेळा वाचून कळत नाही ते आपल्या भाषेत कोणी समोर बसून सांगितलं की पटकन डोक्यात शिरतं.

समाजातल्या डॉक्टर मंडळींना वेगळं सांगायचंय, तुमच्यापैकी बरेच जण मंडळांच्या कार्यकारिणीवर पण आहात. तुमच्याकडची सिस्टर एनओसी मागायला आली तर तिला वाटेला लावू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलीला, हॉस्पिटलचं नाव नाही घेत, स्पष्ट सांगितलं गेलं की पीएचडी झाल्यावर तू इथे कशाला राहशील, मग आम्ही सही का करायची. ती मुलगी आजही तिथेच त्याच वॉर्डात आहे आणि तिचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, तसाच फाइलमध्ये आहे, मी वाचलाय, नवजात बाळांना आईच्या छातीशी ठेवायचं काम सिझेरियननंतर का मागे पडतं यावर, फार चांगला आहे. तिला हॉस्पिटलविरुद्ध काही लिहायचं नव्हतं, उलट त्यांचंच काम सुधारलं असतं. कोर्सवर्कपुरतं ड्यूटीतून मोकळं करणं, सोयीच्या शिफ्ट देणं, एवढंच लागतं हो. आणि तुमच्या रिसर्च पेपरमध्ये ज्या सिस्टरने रात्र-रात्र जागून डेटा भरला तिचं नाव लेखकांच्या यादीत घाला, खाली बारीक अक्षरात आभार नकोत.

सासू-सासरे आणि आई-वडिलांबद्दल मी फार बोलत नाही, ते घरोघरी वेगळं असतं. फक्त गुणवंत सत्काराच्या दिवशी सीए झालेल्या, अमेरिकेत एमएस करणाऱ्या मुलांच्या रांगेत नर्सिंगच्या पीएचडीवालीलाही नारळ-शाल देऊन बसवलंत तर कितीतरी घरांतलं बोलणं बदलेल. लोक मंडळाच्या स्टेजकडे बघून ठरवतात की कशाला मान आहे.

तुमचे फॉर्म बहुतेक मे-जूनमध्ये छापायला जातात, म्हणून हे आत्ताच लिहितेय. एकदम सगळं नको, या वर्षी प्रत्येक मंडळाने फक्त एक जागा नर्सिंग किंवा मिडवायफरीच्या पीएचडीसाठी ठेवा, वयाची आणि नियमित विद्यार्थ्याची अट त्या एका जागेपुरती काढा, आणि निवड समितीत एक सिनियर सिस्टर घ्या म्हणजे विषय खरा आहे की साच्यातला हे तिला लगेच कळेल. समितीवर यायला मी तयार आहे, माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी निवृत्त मेट्रनही तयार आहेत, मानधन नको. ज्यांना आधी समजून घ्यायचं असेल त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीला बोलवावं, रविवार किंवा माझ्या सुट्टीच्या दिवशी मी येईन, फॉर्ममध्ये कुठली ओळ कशी बदलायची ते लिहूनच आणते.

आपली नम्र,
राजेंद्र नगर, इंदूरची एक नर्सिंग ट्यूटर